नर्मदेचे एकशे बारा वाटे

धडगाव (अक्राणी) आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या उत्तर सीमेवरचं नर्मदेचं पाणी आता वाहत्या नदीचं नाही, सरोवराचं आहे. सरदार सरोवराचा फुगवटा सुमारे २१४ किलोमीटर पसरतो आणि गुजरात, महाराष्ट्र, मध्य प्रदेश हे तिघे त्याच्या काठाचे धनी आहेत. नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावं त्यात बुडिताखाली आली: अक्कलकुव्याची ९ आणि अक्राणीची २४.

हे पाणी कुणी किती वापरायचं, हे ठरवणारा नर्मदा जलविवाद लवादाचा निवाडा १२ डिसेंबर १९७९ रोजी राजपत्रात आला. ४५ वर्षांनंतर पाणीवाटपाचा फेरविचार करता येईल, अशी सोय त्यातच आहे. ती मुदत डिसेंबर २०२४ मध्ये भरली. म्हणून या वाटपामागचं विज्ञान आता नीट तपासायला हवं.

निवाड्याने धरलेलं पाणी २८ दशलक्ष एकर-फूट, म्हणजे सुमारे १,२२० टीएमसी (अब्ज घनफूट). मध्य प्रदेशाला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला ०.५ आणि महाराष्ट्राला ०.२५ दशलक्ष एकर-फूट. पाऊस कमी झाला तर? तर तूटही ७३ : ३६ : २ : १ याच प्रमाणात सोसायची आणि पाणी जास्त आलं तर तेही तसंच वाटायचं. एकूण वाटे ११२, त्यांतला एक आपला. नदीतंटे पेटतात ते टंचाईच्या वर्षी. त्या वर्षाचं सूत्र आधीच लिहून ठेवणं ही या निवाड्याची मोठी कमाई आहे.

गोम आहे ती २८ या आकड्यात. चारपैकी तीन वर्षं तरी एवढं पाणी मिळेल, असा त्याचा अर्थ. पण गुजरातमधल्या गरुडेश्वरला नदीचा प्रवाह मोजायला सुरुवात झाली १९४८ मध्ये. त्याआधीच्या वर्षांचे प्रवाह पावसाच्या नोंदींवरून गणिताने काढले होते. शिवाय हा आकडा लवादाने स्वतः काढलेला नाही. जुलै १९७४ मध्ये चार राज्यांनी तो आपसात मान्य केला. पुढे केंद्रीय जल आयोगाने प्रत्यक्ष मोजणीवरून हिशेब केला, तेव्हा तो सुमारे २२.७ वर आला. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हा प्रश्न पुन्हा उघडायला नकार दिला. मोजलेला आकडा धरला, तर महाराष्ट्राचे १०.८९ टीएमसी सुमारे ८.८ वर येतात. उभ्या पिकावर घेतलेली उचल पीक कमी आलं म्हणून माफ होत नाही. नदीचंही तसंच आहे.

अमेरिकेत हेच आधी घडलं. १९२२ मध्ये कोलोरॅडो नदीचं पाणी सात राज्यांसाठी वाटलं गेलं, तेव्हा हाताशी असलेल्या नोंदी नेमक्या ओल्या वर्षांच्या होत्या. ई. सी. लारू हे सरकारी जलशास्त्रज्ञ सांगत होते की नदीत एवढं पाणी नाही. त्यांचं कुणी ऐकलं नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात कोलोरॅडोवरचं मीड सरोवर पहिल्यांदा भरल्यापासूनच्या सर्वांत खालच्या पातळीवर गेलं. पाणीवाटपाच्या इतिहासात करारावर सह्या करणाऱ्यांची नावं राहतात; लारूंचं नाव त्यांच्या आधी घ्यायला हवं.

आपल्या सरोवराची पातळी १३८.६८ मीटरपासून ११०.६४ मीटरपर्यंत खाली आणता येते. म्हणजे २८ मीटरचा उतार. पाणी उतरलं की काठावर गाळाचा पट्टा उघडा पडतो आणि होडीपर्यंत पोचायला तो तुडवावा लागतो. ही होडी म्हणजे इथल्या पाड्यांचा रस्ता. दवाखानासुद्धा पाण्यावरूनच येतो. आणि या पाण्याची आवक ठरते ती बरीचशी वर मध्य प्रदेशात, इंदिरासागर आणि ओंकारेश्वर धरणांतून किती पाणी सुटतं त्यावर.

म्हणून फेरविचाराची वेळ येईल, तेव्हा महाराष्ट्राने केवळ वाटा वाढवून मागू नये. मोजलेल्या प्रवाहावर नवा हिशेब, धरणांतून सुटणाऱ्या पाण्याची रोजची खुली नोंद आणि उन्हाळ्यात पातळी किती उतरवायची हे ठरवताना काठावरच्या गावांचं म्हणणं, या तीन गोष्टींचा आग्रह धरावा. सामायिक सरोवर राखायचं, तर आधी त्यातलं पाणी सगळ्यांनी मिळून खरं मोजलं पाहिजे.