निसर्गपर्यटन आणि मालवणचा दर्या

होडीने सिंधुदुर्गास जाऊन किल्ल्यानजीकच्या पाण्यात मासे न्याहाळले, की निसर्गपर्यटन घडले, असा समज सार्वत्रिक आहे; आणि तो निसर्गाच्या ओढीतूनच उद्भवलेला असल्यामुळे त्याचा अनादर करण्याचे कारण नाही. परंतु लोकाधारित निसर्गपर्यटन (ज्याचा कारभार व उत्पन्न स्थानिकांच्या हाती राहून त्या स्थळाचे रक्षण होते, असे पर्यटन) हे स्थळावरून नव्हे, व्यवहारावरून ठरते. गावच्या सामायिक विहिरीचे पाणी जे भरतात तेच तिचा गाळ उपसतात, आणि टंचाईत कोणी किती घागरी न्याव्यात याचा बंदोबस्तही तेच करतात. दर्याचीही व्यवस्था याच न्यायाने व्हावयास हवी, आणि पाहुण्यांनीही ती पाळावयास हवी.

मालवणच्या ज्या सागरी परिसरात १९८७ साली अभयारण्य घोषित झाले, तेथे प्रवाळ (चुन्याचे सांगाडे रचणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांची वसाहत) आहे, आणि त्यास निर्जीव खडक समजून त्यावर पाय रोवणे ही पाहुण्यांची सर्वांत घातक चूक होय. प्रवाळाच्या देहात वसणारी शैवले सूर्यप्रकाशाच्या साह्याने अन्न निर्माण करून त्यातील मोठा वाटा त्यास देतात; म्हणून पायांच्या फटकाऱ्याने उसळून त्यावर बसणारी रेतीदेखील प्रकाश अडवून त्यास बाधते. पाण्यात वर न उठता व तळास न टेकता स्थिर राहणे ज्यास साधले नाही, त्याने प्रवाळापासून दूरच राहावे, आणि वाटाड्याने माघारी बोलाविल्यास तत्काळ परतावे. मासे जमावेत म्हणून पाव टाकण्याचा आग्रह त्याच्याकडे धरणे तर सर्वथा गैर. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये प्रवाळ संरक्षित असल्याने त्याचा तुटका तुकडाही स्मरणार्थ घरी नेता येत नाही.