अर्ध्या टनाचं हळवं वाद्य

२०२०च्या जानेवारीत कॅनडाच्या पियानोवादक अँजेला ह्यूइट बर्लिनमध्ये बेथोव्हनच्या रचनांचं ध्वनिमुद्रण करत होत्या. काम संपलं आणि त्यांचा स्वतःचा फात्सिओली बनावटीचा ग्रँड पियानो हलवताना वाहतूकवाल्यांच्या हातून निसटला. आतली बिडाची चौकट मोडली, लाकडी पेटीही फुटली. खुद्द निर्माते पाओलो फात्सिओली यांनी तपासून निकाल दिला की दुरुस्तीत अर्थ नाही. २००३पासून सोबत असलेला, चार पेडलांचा तो खास पियानो गेल्याचं ह्यूइट यांनी जाहीर केलं ते जिवलग गमावल्यासारखं.

विम्याचे पैसे मिळतात, कारखाना तेच मॉडेल पुन्हा करून देतो. मग हळहळ कसली? या प्रश्नाच्या मागे गेलं की हाताने घडवलेला पियानो इतका महाग का, याचाही उलगडा होत जातो. स्टाइनवे, ब्योझेनडॉर्फर, बेखश्टाइन, ब्ल्यूथनर, फात्सिओली ही या व्यवसायातली मोजकी घराणी. मोठ्या सभागृहांसाठीच्या त्यांच्या कॉन्सर्ट ग्रँडला दीड-दोन लाख डॉलर आणि त्याहूनही जास्त मोजावे लागतात, म्हणजे रुपयांत सव्वा कोटीच्या पुढे. या रकमेत लाकूड-लोखंडाचा वाटा लहान आहे, नुसत्या हातकामाचाही फार मोठा नाही. मोठा वाटा आहे तो माणसांनी पावलोपावली घेतलेल्या निर्णयांचा. कुठली फळी बाद करायची, कुठे थांबायचं, कुठल्या स्वराला आणखी हात लावायचा, हे ठरवण्याचे हे पैसे आहेत.

मेदिचींच्या दरबारातून न्यूयॉर्ककडे

फ्लॉरेन्समधल्या मेदिची घराण्याच्या वाद्यांची १७००ची एक यादी उपलब्ध आहे. तीत हळू आणि मोठा असे दोन्ही आवाज काढणाऱ्या एका नव्या वाद्याची नोंद सापडते. ते घडवलं होतं पादुआच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने. त्याआधीच्या हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जाई, त्यामुळे पट्टी कशीही दाबली तरी आवाज जवळपास तेवढाच. क्रिस्तोफोरीने तारेवर हातोडी मारायची सोय केली आणि बोटाचा जोर आवाजात उतरू लागला. त्याचे तीन पियानो आजही न्यूयॉर्क, रोम आणि लाइपझिगच्या संग्रहालयांत आहेत. आजच्या पियानोशेजारी ते अगदीच किरकोळ अंगाचे वाटतात.

पुढच्या दीडशे वर्षांत सभागृहं वाढली, वादक जोरकस झाले आणि वाद्यालाही बळ कमवावं लागलं. १८२१मध्ये पॅरिसच्या सेबास्तियन एरार याने पट्टी पुरती वर यायच्या आत तोच स्वर पुन्हा वाजवता येईल अशी यंत्रणा केली. १८२५मध्ये बॉस्टनच्या अल्फियस बॅबकॉकने एकसंध बिडाच्या चौकटीचं पेटंट घेतलं. हातोडीवर चामड्याऐवजी नमदा, म्हणजे दाबलेली लोकर, आला. व्हिएन्नात १८२८पासून ब्योझेनडॉर्फर होतेच. फ्रान्झ लिस्टच्या घणाघाती वादनापुढे आमचा पियानो टिकला, ही त्या घराण्याची जुनी प्रौढी. मग १८५३ साल उजाडलं आणि या एकाच वर्षात न्यूयॉर्कमध्ये स्टाइनवे, बर्लिनमध्ये बेखश्टाइन, लाइपझिगमध्ये ब्ल्यूथनर असे तीन कारखाने निघाले. स्टाइनवे हे मूळचे जर्मनीतल्या झेझन गावचे श्टाइनवेग. १८५९मध्ये त्यांनी ग्रँड पियानोत खर्जाच्या तारा इतर तारांवरून तिरक्या नेल्या. त्यामुळे कमी जागेत लांब तारा मावल्या आणि आवाज भरला. आजच्या पियानोची ठेवण साधारण तेव्हाच ठरली.

थंडीत वाढलेलं झाड

पियानोचा आवाज तारेचा असतो हे अर्धसत्य आहे. बारीक तार एकटी फारशी हवा हलवत नाही. तिचं कंपन खालच्या लाकडी ध्वनिफलकात उतरतं आणि तो फलक बोलतो. त्यासाठी स्प्रूस हे सूचिपर्णी लाकूड लागतं. ते हलकं असूनही ताठ असतं. थंड प्रदेशात सावकाश वाढलेल्या झाडाची वलयं एकमेकांना चिकटून, सारख्या अंतरावर येतात आणि अशीच फळी कामाची. गाठ, राळेची शीर किंवा तिरकी रेषा दिसली की ती बाजूला. फात्सिओली आपलं लाकूड आल्प्समधल्या व्हाल दि फिएम्मे खोऱ्यातून आणतात. स्त्रादिवारीच्या व्हायोलिनांचं लाकूडही तिथलंच, असं मानलं जातं.

स्प्रूसमध्ये कंपन रेषांच्या दिशेने झपाट्याने धावतं, आडवं मात्र रेंगाळतं. म्हणून फलकाच्या पाठीला आडव्या पट्ट्या सरसाने चिकटवतात. फलकाला किंचित फुगवटा देतात आणि कडेला तो पातळ करत नेतात, म्हणजे तारांचा दाब सोसूनही तो मोकळा हलतो. हे सगळं मिलिमीटरांत चालतं. त्यातही प्रत्येक फळीचा ताठपणा वेगळा, त्यामुळे कागदावरचं माप शेवटचं धरता येत नाही.

फलकाभोवतीच्या पेटीबाबत मात्र दोन घराण्यांचे दोन विचार आहेत. स्टाइनवेची पेटी कठीण मेपलच्या थरांची. फलकातलं कंपन कडेला पोहोचलं की तिथे जिरू न देता परत फलकाकडे फिरवायचं, हा तिचा हेतू. ब्योझेनडॉर्फरची पेटी मुख्यतः स्प्रूसची, म्हणजे कडाही वाजत्या. पहिल्याचा आवाज ऑर्केस्ट्राला भेदून शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो. दुसऱ्याचा गोल, उबदार, गाण्याच्या साथीला जवळचा. इथे बरं-वाईट ठरत नाही, स्वभाव ठरतो. संगीतकार-पियानोवादक फेरुच्चो बुसोनीला बाखच्या ऑर्गनरचना पियानोवर आणताना खर्ज अपुरा पडत होता. त्यातून ब्योझेनडॉर्फरचा ९७ पट्ट्यांचा इम्पीरियल जन्मला. नेहमीच्या पियानोत ८८ पट्ट्या असतात. जास्तीच्या तारा क्वचितच वाजवल्या जातात, पण इतर तारांबरोबर त्या आपसूक घुमतात.

सरस सुकायच्या आत

स्टाइनवेच्या एका पियानोचा प्रवास ‘नोट बाय नोट’ या २००७च्या माहितीपटात दिसतो. एल-१०३७ क्रमांकाचा तो पियानो. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या कारखान्यात सरस लावलेल्या मेपलच्या पातळ फळ्यांची चळत घेऊन कामगार येतात. कॉन्सर्ट ग्रँडसाठी हे १८ थर असतात आणि लांबी सात मीटरच्या आत-बाहेर. साच्याभोवती ही चळत सगळ्यांनी मिळून वाकवायची, ठोकून बसवायची आणि शिकंजे आवळायचे. सरस सुकायच्या आत हे आटोपलं नाही तर माल वाया. १८८०मध्ये पेटंट घेतलेली ही रीत फारशी बदललेली नाही. साच्यातून निघाल्यावर पेटी कित्येक आठवडे नुसती मुरत ठेवतात, कारण वाकवलेलं लाकूड आपला ताण सोडायला वेळ घेतं. बारा हजारांहून जास्त भाग जोडून वाद्य पुरं व्हायला जवळपास वर्ष लागतं आणि त्यातला बराच काळ कोणी काही करत नसतं. कारखान्याच्या जागेचं, भांडवलाचं व्याज मात्र चालू असतं. किमतीतला हा भाग सहसा ध्यानात येत नाही.

पेटीत बिडाची चौकट बसते, कारण तारांचा एकत्रित ताण सुमारे वीस टन भरतो. नुसतं लाकूड त्याखाली दुमडून जाईल. स्टाइनवेचा सर्वांत मोठा ‘डी’ २७४ सेंटिमीटर लांब आणि सुमारे ४८० किलो वजनाचा असतो. एवढ्या लांबीचं कारण दिमाख नाही. आखूड आणि जाड तार कांबीसारखी वागते, तिचे वरचे उपस्वर भरकटतात आणि खर्ज गढूळ होतो. तार लांब असली की खर्जातलाही स्वर स्वच्छ ओळखू येतो.

हातोडी आणि सुई

एक गोष्ट भौतिकशास्त्राने पक्की केली आहे. हातोडी तारेला लागण्याआधी क्षणभर मोकळी सुटलेली असते. तिथून पुढे वादकाच्या हातात काही उरत नाही. तारेपर्यंत पोहोचतो तो फक्त हातोडीचा वेग. मग वादक ज्याला ‘टच’ म्हणतात तो काय? पट्टी जेमतेम एक सेंटिमीटर खाली जाते. तेवढ्या वाटेत वेगाच्या किती छटा बोटाला पकडता येतात, यावर सगळं अवलंबून असतं. म्हणून चांगल्या कारखान्यात प्रत्येक पट्टी वेगळी तोलतात, तिच्यात शिशाचे तुकडे बसवतात, सांधे ना सैल ना घट्ट ठेवतात. साध्या पियानोवर ज्याला हळू वाजवायला भीती वाटते, तोच इथे कुजबुजीइतका हळू स्वर बेधडक काढतो.

यानंतरचं काम सुईचं. नमदा घट्ट दाबलेला असला तर स्वर धातूसारखा टणकतो. तंत्रज्ञ हातोडीच्या खांद्यात सुया टोचून तो सैल करतो. फार मऊ झाला तर स्वर मंदावतो आणि टोचलेलं सहजी भरून काढता येत नाही. तंबोऱ्याची जवारी काढणारा कारागीर घोडीवर कानस फिरवतो, थांबतो, ऐकतो, तसंच हे. मात्र इथे ८८ जवाऱ्या एकमेकींशी जुळवायच्या असतात. वरच्या बहुतेक स्वरांना तीन-तीन तारा आहेत. गॅब्रिएल वाइनरायख या भौतिकशास्त्रज्ञाने १९७७मध्ये दाखवलं की एका स्वराच्या या तारा एकमेकींची ऊर्जा देतात-घेतात. त्यांच्यात केसभर फरक ठेवला तर स्वराचा आघात विरल्यावरही त्याची शेपटी लांबते. मुरलेले ट्यूनर हे कानाने आधीपासून करत होतेच.

‘पियानोमेनिया’ या २००९च्या माहितीपटात हे काम अगदी जवळून पाहायला मिळतं. व्हिएन्नातले स्टाइनवेचे तंत्रज्ञ श्टेफान क्न्यूफर आणि पियानोवादक पिएर-लोराँ एमार बाखच्या ‘आर्ट ऑफ फ्यूग’च्या ध्वनिमुद्रणाची तयारी करताहेत. एमार यांना एकाच पियानोतून कुठे क्लॅविकॉर्डची जवळीक हवी, कुठे ऑर्गनचा विस्तार. क्न्यूफर महिनोन्महिने हातोड्या बदलतात, काचेच्या पट्ट्या लावून पाहतात, एकेका स्वरावरून दोघांची चर्चा चालते. इतरांना न जाणवणाऱ्या फरकासाठी दोन माणसं असा जीव टाकतात. ह्यूइट यांनी नेमकं काय गमावलं, ते इथे समजतं. सतरा वर्षांत हात आणि वाद्य एकमेकांना ओळखू लागले होते; नव्या पियानोशी ती ओळख पहिल्यापासून करायची.

लिलावातली किंमत

पियानोला व्हायोलिनसारखं वय मानवत नाही. फलकाचा फुगवटा बसतो, खुंट्यांची लाकडी बैठक सैलावते, नमद्याला चरे पडतात. तीनशे वर्षांचं स्त्रादिवारी कोट्यवधींना जातं आणि वाजतंही. सभागृहं मात्र आपले मुख्य पियानो ठरावीक वर्षांनी बदलतात. म्हणून लिलावातले पियानोचे विक्रम वेगळीच हकिगत सांगतात. ‘कॅसाब्लांका’ चित्रपटातला अवघ्या ५८ पट्ट्यांचा लहानसा पियानो २०१४मध्ये न्यूयॉर्कला ३४ लाख डॉलरना विकला गेला. रॉक गायक फ्रेडी मर्क्युरीचा यामाहा बेबी ग्रँड २०२३मध्ये लंडनला १७ लाख पौंडांच्या वर गेला. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ त्यावर रचली गेली होती. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत फरोख बलसारा या नावाने शिकताना ज्याने पियानोवर बोटं फिरवली, त्या मुलाची ही किंमत. वाद्य कारखान्यात निघणाऱ्या हजारोंपैकी एक होतं.

नव्या पियानोच्या किमतीतही थोडी जाहिरातबाजी आहे. १८७२-७३मध्ये स्टाइनवेने आंतोन रुबिनश्टाइन यांचा अमेरिका दौरा घडवला, त्यांचे दोनशेहून जास्त कार्यक्रम झाले आणि वादकाबरोबर वाद्याचंही नाव गावोगाव झालं. आपल्याशी बांधील कलावंतांची यादी हे या घराण्याचं आजही मोठं भांडवल आहे.

दुसरी बाजू यामाहाची. यंत्रांच्या अचूकतेवर उभं राहून या जपानी कंपनीने असे पियानो केले की स्वियातोस्लाव रिख्तर यांच्यासारखा वादक त्यांचा चाहता झाला. २००८मध्ये तिने ब्योझेनडॉर्फरच विकत घेतलं. ‘हाताने घडवलेला’ म्हणवणाऱ्या कारखान्यांतही आज संगणकी यंत्रं लाकूड कापतात आणि त्यात कमीपणा काही नाही. शिवाय वाद्य उत्तम म्हणजे संगीत उत्तम, असं समीकरणही मांडता येत नाही. २४ जानेवारी १९७५ला कोलोनच्या ऑपेरागृहात जॅझ पियानोवादक कीथ जॅरेटसमोर चुकून छोटा, बेसूर ब्योझेनडॉर्फर आला. वरचे स्वर किरटे, पेडलं नादुरुस्त. त्याने मधल्या पट्ट्यांवर मुक्काम ठोकला, डाव्या हाताने एकच आकृती घुमवत ठेवली आणि त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण जॅझमधल्या सर्वाधिक खपाच्या तबकड्यांत गेलं. चांगलं वाद्य वादकाला प्रतिभा देत नाही, ते त्याची अडवणूक तेवढी करत नाही. अर्थात जॅरेटसारखी रात्र रोज येत नाही आणि सभागृहांना तर रोज कार्यक्रम करायचे असतात.

आपल्याकडे घ्यायचा झाला तर

मुंबई-गोव्याच्या दमट हवेत स्प्रूस पाणी पितं, फलक फुगतो आणि स्वर चढतात. हिवाळ्यात ते उतरतात. दीड कोटीचा पियानो वातानुकूलित खोलीत ठेवून वर्षभर आर्द्रता सारखी राखली नाही, तर काही पावसाळ्यांत तो पन्नास लाखांच्या पियानोहून वाईट वाजू लागेल. सुईचं काम जाणणारा तंत्रज्ञ गावात नसेल तर तो बाहेरून बोलवावा लागतो. त्यामुळे हौशी माणसाने ब्रँडच्या आधी तंत्रज्ञ शोधावा, मग खोली बघावी आणि पियानो शेवटी निवडावा. निवडतानाही एकाच मॉडेलचे तीन-चार पियानो ओळीने वाजवून पाहावेत, कारण दोन सारखे निघत नाहीत.

बंगल्याच्या दिवाणखान्यात झाकण लावून ठेवलेला ग्रँड ही भारी फर्निचरची खरेदी झाली, त्यावर आक्षेप घ्यायचं कारण नाही. ज्याला तो वाजवायचा आहे त्याने मात्र पहिल्याच दिवशी हिशेब बांधावा: कारखान्याने घेतलेल्या निर्णयांचे पैसे एकदा चुकते होतात, पण हे वाद्य तसे निर्णय दर ऋतूला नव्याने मागतं आणि ते घेणाऱ्या कानाची मजुरी वाद्य असेपर्यंत द्यावी लागते.