चिखलातली जीप आणि तिची निगराणी

१३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरच्या बाजूने हैदराबाद संस्थानाच्या मुलखात शिरलेल्या भारतीय सैन्यापुढे पहिला मोठा अडथळा होता तो नळदुर्गजवळच्या बोरी नदीचा. आणि मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्या आधिपत्याखालील फौजेने तेथील पूल शाबूत हस्तगत केला, म्हणूनच तिची वाहने त्याच दिवशी जळकोटकडे सरकू शकली. भाद्रपदात पूल आणि सडक यांचे मोल काय असते, हे या परिसरातील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. कारण येथील काळी जमीन पाणी पिऊन फुगते, चाकाला लपेटून बसते आणि साध्या मोटारीला शिवेपाशीच अडवून धरते. जेथे पूल नाही आणि सडकही नाही तेथे जाण्यासाठी दुसऱ्या महायुद्धात जे वाहन निर्माण झाले ते जीप. विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकन कारखान्यांनी युद्धकाळात अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. पुढे थोड्याच वर्षांत मुंबईच्या महिंद्र बंधूंच्या कंपनीने विलीज जीपची जुळणी भारतात सुरू केली, आणि तहसील कचेरी, पोलीस ठाणे, जंगल खाते यांच्या दौऱ्यांचे ते हुकमी वाहन ठरले. आज नाशिकला तयार होणारी थार ही त्याच कुळातली.

या गाडीच्या सामर्थ्याचा लौकिक इतका मोठा आहे, की तिला निगेची गरजच नाही असा समज सर्वत्र रूढ झाला आहे. वस्तुतः साध्या मोटारीपेक्षा तिची तपासणी अधिक वेळा व्हावयास हवी, कारण तिचे सामर्थ्य ज्या भागांत साठलेले असते ते सर्व गाडीच्या पोटाखाली, चिखलाच्या आणि पाण्याच्या वाटेवरच बसवलेले असतात.

इंजिनाची शक्ती गिअरपेटीतून ट्रान्स्फर केसमध्ये येते आणि तेथून दोन प्रॉपेलर शाफ्टांच्या द्वारे पुढील व मागील ॲक्सलकडे जाते. वळण घेताना पुढच्या चाकांना मागच्या चाकांहून अधिक अंतर कापावे लागते. जुन्या पद्धतीच्या जीपमध्ये चारही चाके जोडली, की दोन्ही शाफ्ट एकाच गतीने फिरतात. चिखलात चाक थोडे घसरून हा फरक भरून काढते, परंतु कोरड्या डांबरी सडकेवर तशी सवलत नसल्यामुळे सारा ताण गिअरच्या दात्यांवर आणि शाफ्टच्या सांध्यातील क्रॉसवर साठत जातो आणि शेवटी चारही चाके जोडणारा लिव्हरही सुटेनासा होतो. अशा वेळी लिव्हरवर बळजबरी न करता गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्यावी, म्हणजे ताण उतरतो. चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्याच झिजेचे असावेत, हा नियमही याच कारणातून आला आहे.

परंतु खरा शत्रू पाणी. लांबच्या प्रवासाने तापलेला ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात शिरला, की आतील हवा आकुंचन पावते आणि आत निर्माण झालेल्या ओढीमुळे बाहेरचे पाणी झिजलेल्या ऑईल सीलवाटे आत खेचले जाते. हा दाब समतोल राहावा म्हणून ॲक्सलवर ब्रीदर नावाची लहानशी झडप असते; ती मातीने बुजली, की सील कितीही नवे असले तरी धोका टळत नाही. नळदुर्गच्या किल्ल्यात इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या कारकिर्दीत, १६१३ साली, बोरी नदीवर बांधलेल्या धरणभिंतीवरून पावसाळ्यात प्रवाह कोसळत असतो आणि तिच्या पोटातील पाणीमहालाचे दालन कोरडे राहते. पाण्याला त्याची वाट मोकळी करून दिली तरच आतली जागा सुरक्षित राहते, हे त्या स्थापत्यातील तत्त्व जीपच्या ॲक्सललाही लागू पडते. म्हणून ओढा ओलांडल्यानंतर गाडी रात्रभर उभी ठेवावी आणि सकाळी ॲक्सलच्या तळाचा बोल्ट किंचित सैल करावा. पाणी तेलाहून जड असल्याने आत शिरले असल्यास तेच आधी बाहेर येते. तेल दुधासारखे पांढुरके दिसले तर ते पूर्णपणे बदलण्यावाचून गत्यंतर नाही. भिजलेले ब्रेक चालत्या गाडीतच हलके दाबून वाळवावेत, आणि चिखलात रुतलेल्या गाडीचे ड्रम उघडून धुवावेत, कारण आत राहिलेली वाळू ब्रेक शू आणि ड्रम दोन्ही खरडून काढते.

उन्हाळ्यात पाण्याची जागा धूळ घेते. जुन्या जीपच्या एअर फिल्टरमध्ये तेल असते आणि हवेतील धूळ त्या तेलात अडकते. तळाशी गाळ साचला, की तेल बदलून ते खुणेपर्यंतच भरावे. क्रॉसमध्ये ग्रीसगनने ग्रीस भरताना जुने ग्रीस चहूबाजूंनी बाहेर येईपर्यंत थांबू नये. गाडी सुटताना खालून ‘टक्’ असा आवाज आला, तर क्रॉस झिजल्याची शंका घ्यावी. आणि दुरुस्तीसाठी शाफ्ट उतरवण्यापूर्वी त्याच्या दोन्ही भागांवर खूण करावी, अन्यथा पुन्हा जोडताना कोन चुकून सारी गाडी थरथरू लागते. खडकाळ माळावरून आल्यावर स्प्रिंगचे पाटे आणि त्यांना आवळून धरणारे यू बोल्ट तपासण्यास फार वेळ लागत नाही.

एका बाबतीत मात्र यत्किंचितही हयगय होता कामा नये. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागे, शाफ्टवर असतो. त्यामुळे मागचे एक चाक जॅकने उचलले, की डिफरन्शिअलमुळे ते मोकळे फिरते आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळू शकते. जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावल्याशिवाय आणि काळ्या मातीत जॅकखाली रुंद फळी घातल्याशिवाय कोणीही गाडीखाली शिरू नये.

तेल केव्हा बदलले, सील केव्हा घातले, ग्रीस केव्हा भरले याची नोंदवही प्रत्येक जीपमालकाने ठेवावी, आणि महिन्यातून एकदा तरी मऊ जमिनीवर चारही चाके जोडून गाडी थोडी चालवावी, कारण न वापरलेला लिव्हर नेमका गरजेच्या दिवशी अडकून बसतो. ज्या वस्तीवर पावसाळ्यात दुसरे वाहन पोहोचत नाही, तेथील आजाऱ्याला आणि बाळंतिणीला दवाखान्यात नेण्याची जबाबदारी बहुधा अशाच एखाद्या गाडीवर येऊन पडते. म्हणून तिची निगा हा मालकाचा खाजगी व्यवहार न राहता गावाप्रती असलेले त्याचे कर्तव्य ठरते.