वेळापूरचा रस्ता, वारीनंतरचा

माळशिरसहून निघालेली ज्ञानेश्वर माऊलींची पालखी धावा आटोपून वेळापूरला मुक्कामी येते. याच मार्गाच्या दिवेघाट ते मोहोळ या 221 किलोमीटरच्या चौपदरीकरणाची पायाभरणी 8 नोव्हेंबर 2021 रोजी झाली. आराखड्यात दोन्ही बाजूंना वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पायवाट आहे. पायी चालणाऱ्याला महामार्गावर हक्काची जागा देणं, ही मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

पण वारी आषाढातच येते. शाळकरी मुलं, मजूर, बाजाराला निघालेल्या बाया रोजच रस्त्यावर असतात. पायवाट सलग राहिली, कडेला सावली आणि चौकात सुरक्षित ओलांडणी मिळाली, तर तिच्यावरून सायकलीही निर्धास्त धावतील.

पुढचा टप्पा एसटीचा. 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. मुंबईत ऑक्टोबर 2025 मध्ये आलेल्या ‘मुंबई वन’ अ‍ॅपवर लोकल, मेट्रो, बेस्ट अशा 11 सेवांचं तिकीट एकत्र काढता येतं. वेळापूरकरांना एवढं लागणार नाही. गाडी कुठवर आली हे मोबाइलवर खात्रीनं कळावं आणि स्थानकात सायकल कुलूप लावून ठेवता यावी, एवढ्यानंही कितीतरी दुचाकी घरीच राहतील.