व्हेंजन्स : विलायतेला नको झालेले, ब्रह्मदेशात कामाला आलेले विमान

व्हल्टी व्हेंजन्स हे दोन माणसांचे, एका इंजिनाचे डाइव्ह बॉम्बर विमान अमेरिकेत बनले, पण ते बनवायला लावले ब्रिटिशांनी. 1940 च्या मे-जूनमध्ये जर्मनीच्या स्टुका विमानांनी फ्रान्समध्ये दाणादाण उडवली होती. आकाशातून सरळ खाली सूर मारायचा, पूल किंवा तोफ नेमकी टिपायची आणि निसटायचे, ही स्टुकाची रीत. तसे विमान आपल्याकडेही हवे म्हणून ब्रिटिश खरेदी आयोगाने जुलै 1940 मध्ये व्हल्टी कंपनीकडे दोनशे विमाने मागितली. 30 मार्च 1941 ला पहिले व्हेंजन्स उडाले आणि पुढे अशी एकूण 1,931 विमाने तयार झाली.

दरम्यान वारे फिरले होते. ऑगस्ट 1940 मध्ये हीच स्टुका इंग्लंडवर चालून आली, तेव्हा स्पिटफायर आणि हरिकेनने तिची अक्षरशः कत्तल केली. संथ डाइव्ह बॉम्बरला शत्रूच्या लढाऊ विमानांपुढे टिकाव धरता येत नाही, हे ब्रिटिश हवाई दलाने डोळ्यांनी पाहिले. त्यामुळे व्हेंजन्स हाती येईपर्यंत युरोपात ते कोणाला नकोसे झाले होते. तिथे पुष्कळ विमाने तोफचींच्या सरावासाठी निशाण ओढण्याच्या कामाला लागली. लढाईवर पाठवायची विमाने हिंदुस्थानकडे वळवण्यात आली.

विमानाची खरी करामत त्याच्या पंखांत होती. साधारण विमानाचे पंख धडाला किंचित कलते बसवतात, म्हणजे सरळ उडतानाही त्यांना उचल मिळत राहते. सूर मारताना मात्र हीच उचल विमानाला नेमक्या रेषेतून बाजूला ओढते. व्हेंजन्सचे पंख शून्य कोनात बसवलेले होते. त्यामुळे दहा-बारा हजार फुटांवरून ते अगदी नव्वद अंशांत, ओळंबा सोडावा तसे खाली येई आणि नाक लक्ष्यावरून ढळत नसे. पंखांवरचे जाळीदार ब्रेक उघडले की वेग आटोक्यात राही. पोटातले बॉम्ब प्रोपेलरला लागू नयेत म्हणून सुटताना ते विमानापासून दूर ढकलणारी यंत्रणा होती. पोटात पाचशे पौंडांचे दोन आणि पंखांखाली अडीचशे पौंडांचे दोन, एवढा भार ते नेई. या अचूकपणाची किंमत सरळ उड्डाणात मोजावी लागे. विमान नाक वर करून चाले, वैमानिकाला समोरचे नीट दिसत नसे आणि वेगही बेताचाच. सुरुवातीला इंजिनांनीही फार त्रास दिला. जमिनीवरच्या तंत्रज्ञांनी त्या काळात घेतलेले कष्ट वैमानिकांच्या पराक्रमाइतकेच मोलाचे मानले पाहिजेत.

ब्रिटिश हवाई दलाच्या 45, 82, 84 आणि 110 या चार स्क्वाड्रनना व्हेंजन्स मिळाले. जपान्यांच्या ताब्यातल्या ब्रह्मदेशावरचे हल्ले मार्च 1943 मध्ये सुरू झाले. भारतीय हवाई दलाच्या वाट्याला दोन स्क्वाड्रन आल्या, 7 आणि 8. दोन्हींची उभारणी 1 डिसेंबर 1942 ची, पहिलीची विशाखापट्टणमला आणि दुसरीची त्रिचनापल्लीला. युद्धाच्या सुरुवातीला मुंबई, मद्रास, कराचीसारख्या बंदरांच्या राखणीसाठी जुन्या विमानांच्या छोट्या तुकड्या काढल्या होत्या. त्या मोडून त्यांतली अनुभवी माणसे या नव्या स्क्वाड्रनमध्ये घेतली गेली. किनाऱ्यावर गस्त घालणाऱ्यांच्या हाती आता खास बॉम्बफेकीसाठी घडवलेले विमान आले होते.

आठव्या स्क्वाड्रनचे नेतृत्व निरंजन प्रसाद यांच्याकडे होते. मूळचे लष्करातले हे अधिकारी पुढे मेजर जनरल झाले. डिसेंबर 1943 पासून ही स्क्वाड्रन चितगावच्या बाजूने ब्रह्मदेशातल्या आराकानात लढली. सातवी स्क्वाड्रन हेम चौधुरी यांच्या हाताखाली मार्च 1944 मध्ये आसामात सिल्चरजवळच्या उदरबंद येथे आली. जपानी फौजा तेव्हा इंफाळवर चालून येत होत्या.

युरोपात निकामी ठरवलेल्या या विमानाचा खरा कस इथे लागला. इथली लक्ष्ये म्हणजे दाट जंगलातले खंदक, टेकडीच्या माथ्यावरचे बंकर, रसदीचे डेपो, अरुंद पूल. उंचावरून बॉम्ब टाकणाऱ्या मोठ्या विमानांना ती सापडणे कठीण होते. जपान्यांची लढाऊ विमानेही या आघाडीवर विरळ होत चालली होती, म्हणजे डाइव्ह बॉम्बरचा मोठा शत्रूच जवळपास नव्हता. पायदळ तोफेने धुराचे गोळे टाकून जागा दाखवी आणि व्हेंजन्स एकामागोमाग एक तिथे कोसळत. विमानवेधी तोफांचा मारा मात्र चुकत नसे. टिड्डिम रस्त्यावर मणिपूर नदीच्या पुलाभोवती तो फार दाट होता. जपान्यांची रसद त्याच पुलावरून येई आणि सातव्या स्क्वाड्रनने त्यावरही बॉम्ब टाकले.

इंफाळच्या या लढाईत महाराष्ट्राचे सैनिक जमिनीवरही होते. मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन मार्च 1944 च्या अखेरच्या दिवसांत सांगशाकच्या टेकडीवर छत्रीधारी ब्रिगेडबरोबर वेढ्यात लढली. पाणी तुटपुंजे होते, काटेरी तारा नव्हत्या आणि पावलागणिक हातघाई होत होती. त्या चिवट झुंजीने जपान्यांचे मोलाचे दिवस खाल्ले. इंफाळच्या आघाडीवरच्या अशा फौजांना वरून जो आधार मिळाला, त्यात हरिकेनबरोबर व्हेंजन्सचाही वाटा होता. आपल्याकडे या मोहिमेची आठवण पायदळाच्या नावाने थोडीफार निघते, वैमानिकांच्या नावाने जवळजवळ नाहीच. ही उणीव भरून निघायला हवी.

जुलै 1944 पर्यंत व्हेंजन्सची ब्रह्मदेशातली कामगिरी संपली. आठव्या स्क्वाड्रनला स्पिटफायर आणि सातव्या स्क्वाड्रनला हरिकेन मिळाली. ब्रिटिश स्क्वाड्रन मॉस्किटोकडे वळल्या. पण ते विमान लाकडाचे. दमट हवेत त्याचे सांधे सुटू लागले आणि नोव्हेंबर 1944 मध्ये ती जमिनीवर आणावी लागली. धातूच्या व्हेंजन्सला हा रोग नव्हता. तरीही वेग आणि पल्ला यांत मॉस्किटो फार पुढे होते. उरलेली व्हेंजन्स पुन्हा निशाण ओढण्याच्या कामावर गेली आणि युद्धानंतर भंगारात निघाली. जगात पूर्ण अवस्थेतले एकच व्हेंजन्स उरले आहे, तेही ऑस्ट्रेलियात.