आवडलें तें चांगलेंच काय?

शाळा सुटल्यावर विद्यार्थ्यांचें जें बोलणें कानीं पडतें, त्यांत चित्रपट, गाणीं व मालिका यांचा विषय वारंवार असतो. एक म्हणतो, "फारच छान!" दुसरा म्हणतो, "अगदींच टाकाऊ!" कां, असें विचारलें तर दोघेही गप्प होतात. आवडणें किंवा नावडणें हा मनाचा पहिला उद्गार होय. त्यास मत म्हणतां येत नाहीं. त्या उद्गारास कारणांची जोड मिळाली म्हणजे मत तयार होतें. तें कसें तयार करावें, हें आपल्या ओळखीच्या कांहीं उदाहरणांनीं पाहूं.

कोणत्याही चित्रपटास वा पुस्तकास तीन प्रश्न विचारावे. तें काय सांगतें? कोणत्या रीतीनें सांगतें? आणि जें सांगतें तें माणसांच्या खऱ्या जीवनाशीं जुळतें काय?

२०१६ सालीं नागराज मंजुळे यांचा 'सैराट' हा चित्रपट आला. अजय-अतुल यांचीं त्यांतील गाणीं गांवोगांवच्या वरातींत वाजलीं, आणि पुष्कळांचें मत त्या गाण्यांपाशींच थांबलें. उलटपक्षीं कित्येक पालकांनीं, कोवळ्या वयांतील प्रेमाची कथा म्हणून, तो न पाहतांच वाईट ठरविला. आमच्या मतें हे दोन्ही निर्णय घाईचे होत. पूर्वार्ध स्वप्नासारखा आहे. उत्तरार्धांत परक्या शहरांतील झोपडी, पोटाची चिंता व आपसांतील भांडणें येतात. शेवटीं घराण्याच्या व जातीच्या अभिमानापायीं त्या दोघांचा खून होतो आणि पडदा निःशब्द होतो. आधींचा सगळा गोडवा या शांततेकरितां रचलेला आहे. जो केवळ नाचला, त्यानें अर्धाच चित्रपट पाहिला. तथापि नायकाच्या अधू पायाच्या मित्रास 'लंगड्या' म्हणून हांक मारून प्रेक्षकांस हंसविणें आम्हांस रुचलें नाहीं. ज्या कथेचा सारा भर माणुसकीवर आहे, तींत हें हंसें विसंगत वाटतें. एकाच चित्रपटाविषयीं आदर व तक्रार दोन्ही असूं शकतात, हें येथें ध्यानांत घ्यावें.

आतां एक पुस्तक पाहूं. लातूर जिल्ह्यांतील काटगांव येथें जन्मलेले रा. रं. बोराडे (१९४०–२०२५) यांची 'पाचोळा' ही कादंबरी १९७१ सालीं प्रसिद्ध झाली. गंगाराम या गरीब शिंप्याच्या घराची ही कथा त्याची पत्नी पार्वती मराठवाड्याच्या बोलींत सांगते. "ही भाषा अशुद्ध आहे," असें एखादा विद्यार्थी म्हणेल. पण दुसरा प्रश्न विचारून पाहावा: हीच कथा ग्रांथिक भाषेंत कशी वाटली असती? दुरून कोणी बातमी सांगावी तशी वाटली असती. पार्वतीची बोली हीच या पुस्तकाची खरी सत्यता होय. आपल्या घरांतील भाषेची लाज बाळगणाऱ्या मुलांनीं हें पुस्तक अवश्य वाचावें.

मालिकांविषयीं थोडेंच सांगणें पुरे. कादंबरीचा शेवट लेखक ठरवितो; मालिकेचा शेवट पुष्कळदां प्रेक्षकसंख्या व जाहिरातींचें उत्पन्न यांवर ठरतो. म्हणूनच एका गैरसमजावर आठवडेच्या आठवडे निघतात. पाहतांना हें कारण ओळखतां आलें, तरी पुष्कळ साधलें.

मत कसें मांडावें याचा उत्तम वस्तुपाठ नांदेडकरांच्या घरचाच आहे. पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांनीं रणजित देसाई यांस शिवाजी महाराजांविषयीं एक दीर्घ पत्र लिहिलें. तेंच 'श्रीमान योगी' या कादंबरीची प्रस्तावना म्हणून छापलें गेलें. महाराजांच्या थोरवीची कारणें केवळ रोमहर्षक प्रसंगांत न शोधतां, त्यांच्या राज्यव्यवस्थेंत व प्रजेच्या निष्ठेंत त्यांनीं शोधलीं. ज्यांस त्यांचें म्हणणें पटत नाहीं, तेही तें पत्र आदरानें वाचतात. कारण प्रत्येक विधानामागें युक्तिवाद उभा आहे.

पालकांस एक विनंती. लातूर व नांदेड हीं आज वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या तयारीचीं मोठीं केंद्रें आहेत. चार पर्यायांतून एक निवडण्याचा सराव येथें उत्तम होतो. परंतु संसारांतील प्रश्नांखालीं पर्याय छापलेले नसतात. मुलगा किंवा मुलगी एखाद्या चित्रपटाविषयीं बोलूं लागली, तर "आधीं अभ्यासाला बस" असें म्हणण्यापूर्वीं एकदा "तुला तसें कां वाटलें?" असें विचारावें व उत्तर शांतपणें ऐकून घ्यावें. आपलें मत निराळें असल्यास तेंही कारणांसह सांगावें. चित्रपटाविषयीं दुसऱ्याचें मत उसनें घेणारें मूल उद्यां शेजाऱ्याविषयीं व त्याच्या जातीविषयींही उसनेंच मत घेईल. आणि त्याची किंमत काय असते, हें 'सैराट'च्या शेवटानें दाखविलेंच आहे.

विद्यार्थिमित्रहो, येत्या सुटींत एक चित्रपट पाहा, एक पुस्तक वाचा, आणि प्रत्येकाविषयीं वहींत दहा ओळी लिहा. त्यांत 'छान' हा शब्द एकदांच आला तरी चालेल. 'कारण' हा शब्द मात्र निदान तीनदां आला पाहिजे.