क्लचची कोरडी ठिकाणं

वणीतून घुग्घुसच्या वाटेला लागलं, की पुढे कोळशाचा ट्रक असणारच. उकणी, निलजई, नायगाव या वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खुल्या खाणी याच पट्ट्यात आहेत. ट्रकमागची कार पहिला-दुसरा, पहिला-दुसरा करत सरकते आणि चालकाचा डावा पाय क्लचवरून उठतच नाही. वर कोळशाची भुकटी आणि मे महिन्यात पंचेचाळिशीपुढचा पारा. अशा गाडीचा क्लच एक दिवस जड होतो, आणि मालक ‘प्लेट गेली’ म्हणून मोकळा होतो. पुष्कळदा प्लेट शाबूत असते. कोरडी पडलेली असते ती तिला सोडवणारी साखळी.

ही साखळी पाहायला जुनी मारुती ८०० सोयीची. १९८३च्या डिसेंबरात आलेली ही गाडी २०१४पर्यंत बनत होती. तिच्यात तेलाच्या दाबाची भानगड नाही. पेडल दाबलं की वायर ओढली जाते, वायर गिअरबॉक्सच्या बाहेरचा लिव्हर फिरवते. त्या लिव्हरचा दांडा आत जातो, तिथला फोर्क रिलीज बेअरिंगला नळीवरून पुढे ढकलतो. बेअरिंग प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची बोटं दाबतं, प्लेटवरची पकड सुटते आणि गिअर पडतो. यातली निम्मी साखळी बॉनेट उघडून हाताला लागते, निम्मी गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय दिसत नाही. घरी काम करणाऱ्यानं पहिल्या निम्म्यापासून सुरुवात करावी; बरेचदा तिथेच निकाल लागतो.

वायर दोन्ही टोकांनी सोडून आतली तार हातानं मागेपुढे करावी. ती अडखळली किंवा एखादी लड तुटलेली दिसली, तर सरळ नवी टाकावी. आतून नायलॉनचं अस्तर असलेल्या वायरीत तेल सोडण्याची सवय मात्र वणीसारख्या गावात महागात पडते: तेलात भुकटी बसते आणि त्याचा लगदा होतो. वायर सुटलेली असतानाच लिव्हर हातानं हलवून पाहावा. तो जड असेल, तर दोष आतला. पेडलच्या खिळीला आणि बुशला थोडं ग्रीस द्यावं. ड्रायव्हरच्या पायाशी वाकून कोणी बघत नाही, म्हणून ती जागा वर्षानुवर्षं कोरडी राहते.

एक लबाड कारण वेगळंच असतं. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी तुटली, की स्टार्टरचा जबर करंट परतीची वाट शोधतो आणि क्लचच्या वायरीतून जातो. वायर तापते, अस्तर वितळतं. नवी वायरही थोड्याच दिवसांत जड झाली, तर आधी ती पट्टी तपासावी.

आतलं काम एकट्याचं नव्हे. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, गाडी जॅकवर न ठेवता पक्क्या स्टँडवर घ्यायची, गिअरबॉक्स सुटण्याआधी इंजिनला आधार द्यायचा. क्लचची धूळ हवेनं उडवू नये. जुन्या प्लेटांत ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्यानं पुसावी.

मग ग्रीस. खरा हात इथे दिसतो. बेअरिंग ज्या नळीवर सरकतं तिथे, फोर्क जिथे टेकतो तिथे, दांड्याच्या बुशांना आणि शाफ्टच्या खाचांना उष्णता सोसणारं मॉलिब्डेनमचं ग्रीस, पोळीला तूप लावावं तितकंच. खाचांवर प्लेट एकदा सरकवून बाहेर आलेलं पुसून टाकायचं. जास्तीचं ग्रीस फिरत्या शाफ्टवरून उडून प्लेटवर बसतं. मग जड क्लचच्या जागी घसरता क्लच पदरात पडतो, आणि गिअरबॉक्स पुन्हा खाली. बेअरिंग रॉकेलमध्ये धुण्याची जुनी खोडही सोडावी. त्यातलं ग्रीस कारखान्यातच भरून बंद केलेलं असतं, रॉकेल ते विरघळवतं. पेडल दाबल्यावर घरघर ऐकू येत असेल, तर बेअरिंग बदलायचंच. माझं मत विचाराल तर एवढं उघडल्यावर प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग तिन्ही एकदम बदलावीत, कारण खरा खर्च खोलण्याच्या मजुरीचा.

अँबेसेडरच्या काळात बेअरिंगच्या जागी कार्बनची कडी असे. तिला ग्रीस लागत नसे, पण क्लचवर पाय ठेवून चालवणाऱ्याच्या गाडीत ती लवकर झिजायची.

सगळं जोडल्यावर पेडलचा खेळ, म्हणजे दाब लागण्याआधीची मोकळी हालचाल, लावायचा. किती, ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. वायरवाल्या बऱ्याच गाड्यांत साधारण दीड-दोन सेंटिमीटर. प्लेट झिजली की खेळ वाढेल असं वाटतं, होतं उलट. प्लेट पातळ झाली की स्प्रिंगची बोटं बेअरिंगकडे सरकतात आणि खेळ कमी होतो. तो पुरता संपला, तर पाय उचललेला असतानाही बेअरिंग दाबाखाली फिरत राहतं. म्हणून हजारेक किलोमीटर झाले, की वायरीच्या टोकाचा नट पुन्हा पाहायचा, आणि गरज पडली तर एक-दोन आटे सैल करायचा.